वेणी वर बांधा

[दृश्य : जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा. भिंतीला टेकवलेली पाटीएवढी काळी प्लेट. बाजूला बायकांची रांग.]

“ताई, वेणी वर बांधा. मंगळसूत्र काढून आशाताईंकडे द्या. छाती प्लेटला टेकवा. श्वास घ्या... धरून ठेवा... सोडा. झालं.”

सकाळपासून हेच शब्द या व्हरांड्यात पुन्हा पुन्हा ऐकू येताहेत. तंत्रज्ञाच्या हातातलं एक्स-रे यंत्र जेमतेम तीन-चार किलोचं, बॅटरीवर चालणारं, एखाद्या जाडजूड कॅमेऱ्यासारखं. लोकही याला ‘छातीचा फोटो’च म्हणतात. फोटो निघतो, लॅपटॉपवर येतो. तो वाचायला इथं डॉक्टर नाही, संगणकाचा प्रोग्रॅम आहे. मिनिटभरात पडद्यावर एक आकडा उमटतो, शून्य ते शंभरच्या मधला; संशय जितका दाट, तितका आकडा मोठा. फुप्फुसाच्या चित्रावर संशयाच्या जागी लाल-पिवळा रंग चढतो.

शोध चाललाय टीबीचा.

[दृश्य : लाइटबॉक्सवर लावलेली जुनी एक्स-रे फिल्म.]

रोंटगेननं १८९५ साली क्ष-किरण शोधले. तेव्हापासून फोटो काढणं सोपं होत गेलं, वाचणं मात्र तितकंच अवघड राहिलं. बरगड्यांच्या आड, हाडांच्या सावलीत लपलेला एक धूसर डाग टिपायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो. असा सराव असलेला रेडिओलॉजिस्ट शहरात असतो. पाड्यावर असते आशाताई, आणि तिच्याकडे असतात प्रश्न. खोकला आहे का? ताप येतो का? वजन उतरलंय का?

या प्रश्नांवरच भागलं असतं तर गोष्ट वेगळी होती. २०१९ ते २०२१ या काळात देशभर क्षयरोगाचं मोठं सर्वेक्षण झालं. त्यात दिसलं, की नुसती लक्षणं विचारून थांबले असते, तर ४२.६ टक्के रुग्ण हातून निसटले असते. त्यांना पकडलं छातीच्या फोटोनं. म्हणजे दर दहातल्या चौघांना आपण आजारी आहोत याचा पत्ताच नव्हता, किंवा जे होत होतं ते सांगण्याजोगं वाटलं नव्हतं. बिडी ओढणाऱ्याला खोकला असायचाच, नाही का?

[दृश्य : एक्स-रे मोठा मोठा होत जातो. शेवटी नुसते करडे चौकोन.]

संगणकाला फुप्फुस दिसत नाही. त्याला दिसतात आकडे. प्रत्येक ठिपका किती काळा, किती पांढरा, एवढंच. एक छोटी चौकट या आकड्यांवरून सरकत जाते. आधी कडा सापडतात, कडांमधून आकार, आकारांमधून पोत. बरगडी कशी दिसते हे त्याला कुणी समजावून सांगत नाही. हजारो-लाखो फोटो पुढ्यात टाकायचे, प्रत्येकाचं उत्तर सोबत द्यायचं, आणि चुकेल तेव्हा आतले आकडे थोडे इकडेतिकडे सरकवायचे. चुका कमी होईपर्यंत.

यात एक गोम आहे. शाळेतला एखादा पोरगा गणित सोडवतच नाही, पुस्तकाच्या शेवटच्या पानावरचं उत्तर बघतो. यंत्रही तेच करतं. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूमोनिया ओळखायला शिकवलेला प्रोग्रॅम तपासला गेला. फोटो कुठल्या रुग्णालयातला आहे, हे तो जवळपास अचूक सांगत होता. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण खूप, दुसरीकडे अगदी थोडे. मग फुप्फुसाकडे बघायचे कष्ट कशाला? पत्ता ओळखला की निम्मं उत्तर हातात. घरच्या फोटोंवर हुशार ठरलेला हा गडी परक्या रुग्णालयातल्या फोटोंवर ढेपाळला.

म्हणून खरी परीक्षा परक्या गावात घ्यायची. ढाक्यात ती झाली. २३,९५४ माणसांचे फोटो, पाच वेगवेगळे प्रोग्रॅम, आणि समोर बांगलादेशातलेच तीन रेडिओलॉजिस्ट. २०२१ साली निकाल छापून आला : पाचही प्रोग्रॅम डॉक्टरांपेक्षा सरस. त्यातला एक आपल्या मुंबईतल्या क्युअर डॉट एआय या कंपनीचा. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं पंधरा वर्षं आणि त्यावरच्या वयासाठी, क्षयरोगाच्या चाळणी तपासणीत डॉक्टरच्या जागी असा प्रोग्रॅम वापरायला हिरवा कंदील दाखवला.

‘चाळणी’ हा शब्द मात्र विसरायचा नाही. ‘संगणकानं टीबी ओळखला’ असे मथळे आपण वाचतो. ते अर्धवट आहेत. हा आकडा एवढंच सांगतो, की या माणसाचा बेडका तपासावा की नाही. जंतू सापडतो तो बेडक्यातच.

आणि चाळणीची भोकं किती मोठी ठेवायची, हे माणसंच ठरवतात. साठच्या वर आकडा आला तरच तपासायचं, की चाळीसच्या वर? भोकं बारीक ठेवली तर रुग्ण सुटत नाहीत, पण धडधाकट माणसंही अडकतात आणि बेडका तपासणाऱ्या यंत्रात घालायच्या चिपा भराभर संपतात. मोठी ठेवली तर चिपा वाचतात आणि एखादी खोकणारी बाई घरी परत जाते. कुठल्याही प्रोग्रॅमच्या अचूकतेची टक्केवारी कुणी तोंडावर फेकली, की आधी विचारावं : आकडा कितीवर धरला होता?

[दृश्य : पुन्हा व्हरांडा. लॅपटॉपचा पडदा.]

एका तरुणीच्या उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाशी लाल डाग उमटलाय. टीबीची आवडती जागा. तंत्रज्ञ पडद्याकडे बघतो, मग तिच्याकडे. घाईत वर बांधलेली वेणी सुटून खांद्यावर आलीय. दाट, तेल लावलेली, घट्ट विणलेली वेणी एक्स-रेत ढगासारखी उमटते.

“वेणी वर बांधा, ताई. परत एकदा.”

दुसऱ्या फोटोत डाग नाही. आकडा झरकन खाली. तंत्रज्ञ काही बोलत नाही. ही चूक पकडायला त्याला दुसऱ्या प्रोग्रॅमची गरज लागली नाही.

तिच्यामागे आजी. आकडा एकाहत्तर. आशाताई हळूच सांगते, “यांचा कोर्स झालाय, बारा वर्षांपूर्वी.” बऱ्या झालेल्या टीबीचा व्रण फुप्फुसावर अनेकदा जन्मभर राहतो, आणि जुना व्रण कुठला, नवा आजार कुठला, इथं यंत्र गोंधळतं. ढाक्यातही हेच दिसलं होतं : साठीपुढची माणसं आणि पूर्वी टीबी झालेली माणसं, या दोन्ही गटांत पाचही प्रोग्रॅम कमी पडले. आजी दोन्हीकडे बसतात.

[दृश्य : झाकणाची प्लॅस्टिकची डबी आजींच्या हातात.]

आता काम ट्रूनॅटचं. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं हे यंत्र टेबलावर मावतं, बॅटरीवर चालतं, आणि बेडक्यातला जंतूचा डीएनए साधारण तासाभरात शोधतं. अट एकच. बेडका हवा, थुंकी नको.

आजी दोनदा खोकतात. डबीत येते ती नुसती लाळ. आशाताई स्वतः छातीवर हात ठेवून दाखवते, तीन वेळा खोल श्वास, मग आतून, पोटातून खोकायचं. आजींना दम लागतो. आशाताई डबी परत घेते आणि तिच्या वहीत नावापुढे उद्याची तारीख टाकते.

“सकाळी मी येते, आजी. उठल्यावर चूळ भरून ठेवा. पण चहाच्या आधी हां.”

“माझा नंतर घेईन,” आजी पदर सावरत म्हणतात. “तू मात्र पिऊन जायचा.”