मोटर खरंच बंद झाली का? स्मार्ट होम ॲपमधली माझी चूक

नमस्कार मंडळी! हा बोर्ड बघा, ईएसपी३२, वायफाय आणि ब्लूटूथ असलेला छोटा कंट्रोलर. पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणलाय. कोथरूडला आईच्या घरी पाण्याची मोटर फोनवरून चालू-बंद व्हावी म्हणून हा बसवला आणि ॲप स्वतः लिहिलं. रिलेवर, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या छोट्या स्विचवर, थेट मोटर जोडू नका हं. मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा भार पेलणारा मोठा स्विच, हवाच, आणि ते काम वायरमनलाच करू द्या.

पहिली अडचण जोडणीची. बोर्डाला ना स्क्रीन, ना कीबोर्ड; घरचं वायफाय त्याला सांगायचं कसं? मी बोर्डालाच स्वतःचं वायफाय सुरू करायला लावलं. फोन त्याला जोडायचा आणि ॲपमधून घरचा पासवर्ड द्यायचा. माझ्या फोनवर चाललं, आईच्या नाही. बोर्डाच्या वायफायवर इंटरनेट नसतं, ते लक्षात आलं की फोन परस्पर मोबाइल डेटावर जातो. शेवटी हे काम ब्लूटूथवर आणलं. तुम्हीही तेच करा. शिवाय हा बोर्ड २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतो, ५ वर नाही, हे पासवर्ड विचारण्याआधीच सांगा.

पण खरी चूक पुढे झाली. गुरुवारी पाणी बंद होतं. शुक्रवारी पाणी आल्या आल्या आईने मोटर लावली, टाकी भरत आल्यावर ॲपमधून बंद केली आणि पूजेला बसली. थोड्या वेळाने शेजारच्या काकूंची हाक, "अहो, तुमची टाकी वाहतेय!" राउटर अडकला होता, हुकूम बोर्डापर्यंत पोचलाच नव्हता. तरी ॲप म्हणत होतं, 'बंद'. कारण बोट लागताक्षणी बटणाचा रंग बदलायचा, असं मीच लिहिलं होतं. आदल्या दिवशी थेंब नव्हता आणि आता गच्चीवरून पाणी वाहत होतं. फार वाईट वाटलं.

आता एमक्यूटीटीवर, म्हणजे उपकरणांनी एकमेकांना निरोप द्यायच्या पद्धतीवर, दोन वेगळे टॉपिक (निरोपांचे कप्पे) ठेवलेत. एकावर ॲप हुकूम देतं, दुसऱ्यावर बोर्ड आपली स्थिती कळवतो. ती येईपर्यंत बटणावर 'थांबा'. ५ सेकंदांत आली नाही तर मोठ्या अक्षरांत: 'मोटरकडून उत्तर नाही. भिंतीवरचं बटण दाबा.' बोर्ड जोडला जातानाच ब्रोकरकडे, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या सर्व्हरकडे, 'लास्ट विल' ठेवतो: मी गायब झालो तर हा निरोप सगळ्यांना द्या. कीप-अलाइव्ह, म्हणजे 'मी आहे' असं कळवत राहायची मुदत, ६० सेकंद असेल, तर ९० सेकंद बोर्ड गप्प राहिला की ब्रोकर तो निरोप पाठवतो.

आणि टायमर ॲपमध्ये नाही, बोर्डात. आईची टाकी २५ मिनिटांत भरते. ३०व्या मिनिटाला बोर्ड स्वतःच रिले सोडून मोटर बंद करतो, इंटरनेट असो वा नसो. चला, तोच कोड आधी उघडू.