सोअर्लं: उन्हाळी दर्यावर्दीचं नाव

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका दुर्मीळ स्कॉटिश नावाची ओळख करून घेऊ. मुलाचं नाव आहे, आणि रोमन लिपीत ते असं लिहितात: एस, ओ, एम, एच, ए, आय, आर, एल, ई. वाचायला गेलं तर आपण 'सोमहेअर्ल' म्हणू. स्कॉटिश गेलिक, म्हणजे स्कॉटलंडमधली इंग्रजीहून वेगळी जुनी भाषा, बोलणारा माणूस मात्र म्हणतो 'सोअर्लं'. शेवटचा 'लं' अगदी आपल्या 'केलं', 'गेलं'मधला. मग 'एम' कुठे गेला? गेलिकमध्ये 'एम'पुढे 'एच' आला की 'म' म्हणताना ओठ पुरते मिटत नाहीत. त्याचा नाकातून येणारा 'व' होतो, आणि दोन स्वरांच्या मध्ये सापडला तर तोही विरून जातो. लिहिताना 'म' राहिला, बोलताना गेला.

तो 'म' लिहून ठेवला हे फार बरं झालं, कारण नावाचं मूळ त्याच्यामुळेच सापडतं. हे नाव मुळात गेलिक नाहीच, ते व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतलं आहे: 'सुमरलिदी'. 'सुमर' म्हणजे उन्हाळा आणि 'लिदी' म्हणजे जाणारा, तोही समुद्रावाटे. उन्हाळी दर्यावर्दी! उत्तर अटलांटिकचा हिवाळा उघड्या जहाजाला झेपत नाही. थंडी ओसरली की जहाजं पाण्यात ढकलायची आणि वादळांच्या आत घरी परतायचं, असा तो क्रम. कोकणातल्या कोळी बांधवांना हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून दर्यावर जायची वेळ होते. ऋतू निराळा, हिशेब तोच. इंग्लंडच्या जुन्या बखरीत 871 साली येऊन धडकलेल्या मोठ्या व्हायकिंग फौजेलाही हाच शब्द वापरला आहे.

स्कॉटलंडमध्ये हे नाव मोठं झालं ते बाराव्या शतकातल्या एका माणसामुळे. लॅटिन कागदपत्रांतून त्याचं नाव इंग्रजीत 'सोमरलेड' असं उतरलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या अर्गाइलचा हा सरदार. याच्या घरातली नावं जरा लक्ष देऊन ऐका. वडील गिलेब्रीजे, म्हणजे संत ब्रिजिटचा सेवक, शुद्ध गेलिक. त्यांच्या मुलाचं, म्हणजे सोमरलेडचं, नाव नॉर्स. बायको रॅग्नहिल्ड, ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या मॅन बेटाच्या नॉर्स राजाची लेक. त्यांच्या मुलांपैकी अँगस हे गेलिक नाव, रॅनल्ड नॉर्स, आणि डूगल म्हणजे गेलिक भाषेतला 'काळसर परका'. परका कोण, तर नॉर्स माणूस! स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या हेब्रिडीज बेटांनाही गेलिकमध्ये 'परक्यांची बेटं' असंच म्हणतात. दोन भाषांचे लोक एका घरात नांदत होते, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

या सोमरलेडने जानेवारी 1156 मध्ये, ऐन हिवाळ्यात, मॅनचा राजा गॉड्रेड याच्याशी आरमारी लढाई केली आणि बेटांचं राज्य वाटून घेतलं. 1164 साली तो क्लाइड नदीच्या मुखातून रेनफ्र्यूवर चालून गेला आणि तिथेच पडला. मॅनच्या बखरीत त्याच्या ताफ्यात 160 जहाजं होती असं लिहिलं आहे. मॅकडोनल्ड आणि मॅकडूगल ही घराणी स्वतःला त्याचे वंशज म्हणवतात.

एवढ्या थोर पुरुषाचं नाव मग दुर्मीळ का झालं? दोष बराचसा वह्यांचा आहे. गेलिक माणसाचं नाव इंग्रजीत नोंदवताना ध्वनी थोडाफार जुळणारं एखादं ओळखीचं नाव गाठायचं, अशी रीत पडली. टॉरमॉडचा नॉर्मन झाला, एखनचा हेक्टर झाला आणि सोअर्लंचा सॅम्युएल. सॅम्युएल हे बायबलमधलं हिब्रू नाव. पहिल्या 'स'पलीकडे दोघांचं काही नातं नाही. 1 जानेवारी 1855 पासून स्कॉटलंडमध्ये जन्मनोंद सक्तीची झाली. 1872 च्या शिक्षण कायद्यात गेलिकचा उल्लेखसुद्धा नव्हता. घरात एक नाव आणि वहीत दुसरं, हे मग पिढ्यानपिढ्या चाललं. म्हणून वंशावळ शोधणाऱ्यांनी गेलिक भागातल्या जुन्या नोंदीत सॅम्युएल दिसला तर थांबावं. तो घरी सोअर्लं असू शकतो. आडनावांत मात्र हे नाव टिकलं: मॅकसॉर्ली म्हणजे सोअर्लंचा मुलगा.

'सॉर्ली' हे आज चालणारं सुटसुटीत इंग्रजी रूप. इथेही एक फसगत होते. आयर्लंडमध्ये अँट्रिमचा सरदार सॉर्ली बॉय मॅकडॉनेल 1590 साली वारला. त्यातल्या 'बॉय'चा मुलाशी संबंध नाही. मूळ शब्द 'बुइये', म्हणजे पिवळा, आणि इथे पिवळ्या केसांचा. विसाव्या शतकात रासे बेटावर 1911 साली जन्मलेल्या कवी सोअर्लं मॅक्गिल-एअनने, इंग्रजीत सॉर्ली मॅक्लीनने, या नावाला नवं तेज दिलं. गेलिक वाचणाऱ्याला हे नाव ऐकताच आधी तोच आठवतो.

आता लोकप्रियतेचं. नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड ही सरकारी नोंदसंस्था दरवर्षी बाळांच्या नावांची यादी काढते. तीत सोमरलेड किंवा गेलिक सोअर्लं आघाडीच्या शंभरात शोधू नका, खाली उतरा. शिवाय यादी स्पेलिंगनुसार मोजते, त्यामुळे सोअर्लं, सॉर्ली आणि सोमरलेड तीन ठिकाणी विखुरतात. खरा आकडा हवा असेल तर तिन्ही शोधून बेरीज करावी लागते. जन्म 21 दिवसांत नोंदवायचा असतो, तेव्हा कोणतं रूप लिहायचं हे आईवडिलांनी आधी ठरवलेलं बरं. गेलिक रूप घेतलं तर लोक 'म' उच्चारणार, हे धरून चालावं. पण जिथे 2011 च्या जनगणनेत जेमतेम 57 हजार लोक ही भाषा बोलत होते, तिथे तो 'एमएच' जपणं मोलाचं आहे.

आणि हाक कशी मारायची, तेही ऐका. मराठीत संबोधनात शब्दाचा शेवट बदलतो: मुलगा, पण 'अरे मुला'. गेलिकमध्ये सुरुवात मऊ होते, 'स'चा 'ह' होतो. शेमसला हाक मारली की 'अ हेमिश', आणि त्या हाकेतूनच हेमिश हे वेगळं नाव तयार झालं. आपल्या सोअर्लंला अंगणातून आत बोलावायचं असेल, तर त्याची आई म्हणेल: 'अ होअर्लं!'