कोणाला विचारून?

खेड्यातल्या बाईला आरोग्याची माहिती मिळाली, तरी ती वापरता येते का, हे पाहायला एका लाल गोळीपासून सुरुवात करू. ही गोळी लोह आणि फॉलिक ॲसिडची आहे. गरोदर स्त्रीने चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे किमान १८० गोळ्या घ्याव्यात, असे सरकारी आरोग्य कार्यक्रम सांगतो आणि त्या उपकेंद्रातून मोफत मिळतात. सांगली जिल्ह्यात तासगावच्या बाजूला द्राक्षबागेत रोजाने जाणाऱ्या सुनेला विचारले, तर ही गोळी रक्त वाढण्यासाठी असते, एवढे ती सहसा बरोबर सांगते. तरीही पाकिटे अर्धी उरतात. या गोळीने मळमळते, शौचास काळे होते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते, हे तिला कोणी सांगितलेले नसते. उलट गोळ्यांनी बाळ फार वाढते आणि बाळंतपण अडते, हे घरातल्या मोठ्या बायकांकडून तिच्या कानावर सतत पडत असते. चहासोबत घेतल्यास लोह अंगी कमी लागते, लिंबाबरोबर अधिक लागते, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी, हे सगळे आशाताईंनी समजावले, तरी पहाटे चहा, मग डबे, मग टेम्पो आणि रात्री सर्वांच्या मागून जेवण अशा दिवसात ती वेळ कोठे बसवायची, हा प्रश्न तिच्याकडेच राहतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये आरोग्यसाक्षरतेची व्याख्या करताना माहिती मिळवणे, ती समजणे आणि ती वापरणे या तिन्ही गोष्टी एकत्र धरल्या. आपल्याकडचा बहुतेक प्रचार पहिल्या पायरीवरच थांबतो. गावातील आरोग्यघोषणाही पाहा; त्या बहुधा चावडीच्या किंवा पाराजवळच्या भिंतीवर, म्हणजे जेथे बायका सहसा थांबत नाहीत अशाच जागी, मोठ्या अक्षरांत रंगवलेल्या असतात.

२०११ च्या जनगणनेनुसार सांगली जिल्ह्यातील सुमारे ८८ टक्के पुरुष साक्षर होते आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण ७५ टक्क्यांच्या आसपास होते. पण हा आकडा जत तालुक्याच्या पूर्व भागात वेगळ्या रीतीने वाचावा लागतो. उमदी, संख या पट्ट्यात घरोघरी कन्नड बोलली जाते आणि कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. तेथे शिकलेली मुलगी जनगणनेत साक्षर ठरते, मात्र तिच्या हातात माता-बाल संरक्षण कार्ड मराठीत छापलेले आले, तर त्यातील धोक्याची लक्षणे तिला दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावी लागतात. पायांवर सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे रक्तदाब वाढल्याची असू शकतात आणि अशा वेळी कोणी वाचून दाखवण्याची वाट पाहणे परवडत नाही.

तपासणीच्या खोलीतही भाषा असून बोलता येत नाही. डॉक्टर विचारतात सुनेला आणि उत्तर देतात सासूबाई. पाळी, अंगावरून पांढरे जाणे, दोन मुलांमधील अंतर यांविषयी सासूसमोर किंवा दारात उभ्या नवऱ्यासमोर ती काय बोलणार? फाईल सासूबाईंच्या पिशवीत असते आणि पुढच्या वेळी यायचे की नाही, हे त्या फाईलबरोबरच घरी ठरते. यात सासूबाईंना खलनायिका ठरवणे सोपे आहे, पण त्यांची स्वतःची बाळंतपणे अशाच मुकेपणात झाली आहेत आणि त्यांच्याशीही या विषयावर आजवर कोणी सरळ बोललेले नाही.

या जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला की वाळवा, पलूसच्या फडांवर बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. येथे नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादमाकडून आधीच घेतलेली असते. एक दिवस काम चुकले की खाडा लागतो, म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंडही अंगावर पडतो. पाळीत मोळ्या वाहायच्या, पालाशेजारी ना मोरी ना पुरेसे पाणी, आणि त्यातून जंतुसंसर्ग झाला तर दुखणे अंगावर काढायचे. राज्य सरकारने नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पांढरे जाण्यासारख्या ज्या तक्रारींसाठी गर्भाशय काढले जाते, त्या पुष्कळदा औषधांनी बऱ्या होतात, आणि गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर ऐन तारुण्यात पाळी जाण्याचे सगळे परिणाम, हाडे ठिसूळ होण्यापर्यंत, भोगावे लागतात, हे शस्त्रक्रियेपूर्वी त्या बाईला समजणे आवश्यक होते. मात्र ते समजले असते, तरी दर महिन्याचा खाडा तिच्यापुढे उभाच राहिला असता. अशा निर्णयाला अज्ञान म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

आता सर्व माहिती मोबाईलवर आहे, असे सांगितले जाते. त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ३८ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. पुरुषांत हे प्रमाण ६१ टक्क्यांहून अधिक होते. ज्या घरात एकच फोन नवऱ्याच्या खिशात असतो, तेथे तपासणीचा संदेश आणि योजनेचा ओटीपी दोन्ही त्याच खिशात जातात.

राहिला प्रश्न उतारवयातील स्त्रियांचा. तिशीनंतर प्रत्येकीची रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तपासणी व्हावी, असा सरकारी कार्यक्रम आहे. पाळी बंद झाल्यानंतर पुन्हा रक्तस्राव होणे हे तातडीने दाखवण्याचे लक्षण आहे. गावात ही माहिती देण्यासाठी हळदीकुंकवाचा मुहूर्त सोयीचा म्हणून निवडला जातो, कारण बायका जमतात. परंतु ज्यांना अशी माहिती सर्वांत आधी हवी, त्या वयातल्या अनेक जणी विधवा असतात आणि त्यांना बोलावणे नसते. सांगलीला लागून असलेल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ठराव झाला म्हणून जुनी संकोचाची सवय लगेच मोडत नाही. तोवर तपासणीचे टेबल रेशन दुकानाशेजारी किंवा बचत गटाच्या बैठकीच्या जागी मांडावे, कारण तेथे येण्यासाठी कोणत्याही बाईला कुंकू लागत नाही आणि घरातून निघताना कारणही सांगावे लागत नाही.