कूलर लावला, पण समोरची खिडकी उघडली का?

बसा बसा, मागे जागा आहे. आधीच सांगतो, मी काही प्रोफेसर नाही, इथे नागपुरात बर्डीवर लोकांना पीसी असेंबल करून देतो, दहा-बारा वर्षं झाली आता, त्यामुळे बोलता बोलता गाडी इकडेतिकडे गेली तर सांभाळून घ्या. विषय दिलाय हाय-एंड गेमिंग पीसीसाठी कॅबिनेट आणि कूलिंग. बाहेरचे लोक केस म्हणतात, आपण कॅबिनेट म्हणतो, आणि घरी आई त्यालाच सीपीयू म्हणते, "त्या सीपीयूवरची धूळ पूस रे" वगैरे. टेबलावर एक कॅबिनेट ठेवलंय बघा, त्याच्याकडे शेवटी येऊ.

आता मला सांगा, घरी कूलर कोणाकोणाकडे आहे? सगळ्यांचे हात वर, नागपूर आहे शेवटी. एप्रिलमध्ये ताट्या बदलल्या, टाकी भरली, कूलर सुरू केला की आजोबा आतल्या खोलीतून पहिलं काय ओरडतात? "समोरची खिडकी उघड!" कारण हवा बाहेर गेली नाही तर आतही येत नाही, आणि खोली नुसती चिपचिप होते. झालं, कॅबिनेटचा एअरफ्लो एवढाच आहे. आजोबांना कळतं ते आपण वीस-पंचवीस हजारांचं कॅबिनेट घेताना विसरतो, कारण दुकानात तीन आरजीबी फॅन काचेच्या मागून चमकून राहिले असतात.

वर्ध्याहून एक मुलगा आला होता मागच्या उन्हाळ्यात, वडिलांसोबत, पीसी चादरीत गुंडाळून आणलेला. तक्रार काय, तर गेम सुरू केला की वीस मिनिटांत आवाज विमानासारखा आणि फ्रेम पडतात, म्हणजे गेम अडखळतो. आधी एका दुकानात दाखवलं तर त्यांनी सांगितलं कूलिंग कमी पडतंय, २४० मिलिमीटर रेडिएटरचं एआयओ, म्हणजे प्रोसेसरचा पाण्यावर चालणारा बंद कूलर, काढून ३६० चं टाका, आणि टाकलंही. मी लावून पाहिलं तर प्रोसेसर बिचारा ६०-६५ डिग्रीवर निवांत, आणि ग्राफिक्स कार्ड ८६ ला. म्हणजे दुखतंय गुडघा आणि प्लास्टर हाताला. कॅबिनेटचं नाव घेत नाही, पण पुढे पूर्ण काच, आणि हवा आत यायला बाजूने नखाएवढी फट. मी काही केलं नाही, पुढची काच उचलून बाजूला ठेवली फक्त. दहा मिनिटांत कार्ड ७५ वर, फॅनचा आवाज निम्मा. वडील माझ्याकडे पाहतात, मुलाकडे पाहतात, मग त्या काचेकडे पाहतात. त्यांना किती पैसे गेले हे मी विचारलं नाही.

ही काचेची फॅशन मधली काही वर्षं फार होती, नंतर लोक टेस्ट करून दाखवायला लागले तेव्हा कंपन्याही जाळीकडे वळल्या. फ्रॅक्टलचं मेशिफाय सी २०१७ चं, कॉर्सेअरचं ४०००डी एअरफ्लो २०२० चं, आणि २०२१ मध्ये फ्रॅक्टलने टॉरेंट काढलं त्यात तर पुढे १८० मिलिमीटरचे दोन फॅन, म्हणजे जेवणाच्या ताटलीएवढे. मोठा फॅन हळू फिरूनही तेवढीच हवा ढकलतो म्हणून शांत असतो, घरातला छताचा पंखा आणि टेबलफॅन यांचा आवाज आठवा.

थोडं गणित करू, घाबरू नका. आरटीएक्स ४०९० कार्ड ४५० वॅटचं, ५०९० तर ५७५ वॅटचं. गेम खेळताना प्रोसेसर धरा ८०-१००, बाकी बोर्ड, रॅम, फॅन, पॉवर सप्लायमध्ये वाया जाणारं, असं सगळं मिळून ६००-७०० वॅट. हे सगळेच्या सगळे शेवटी उष्णता होऊन खोलीत येतात, कूलिंग कितीही भारी लावा, एक वॅट गायब होत नाही. माणूस नुसता बसलेला असला तरी साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. म्हणजे तुम्ही गेम सुरू केला की खोलीत सहा-सात पाहुणे येऊन बसले असं समजा, आणि ते चहा पिऊनही जात नाहीत.

आता नागपूरवाल्यांसाठी खास गोष्ट. यूट्यूबवरचे रिव्ह्यूवाले २१-२२ डिग्रीच्या खोलीत टेस्ट करतात. त्यांनी दाखवलं कार्ड ६५ ला चालतंय, आपण खूश. पण खरा आकडा ६५ नाही, खरा आकडा आहे खोलीपेक्षा किती वर, म्हणजे ४३. आता नवतपा सुरू आहे, बाहेर ४५-४६, तुमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत ३८. त्यात ४३ मिळवा, ८१ झाले. फॅन जास्त पळून दोन-चार डिग्री वाचवेल, पण ते आवाजाच्या रूपात वसूल करेल. म्हणून रिव्ह्यू पाहताना खालच्या कोपऱ्यात खोलीचं तापमान किती लिहिलंय ते आधी पाहा, नसेल लिहिलेलं तर तो व्हिडिओ करमणूक म्हणून पाहा.

आणि हो, छताचा पंखा. बरेच जण सांगतात मी पंखा फुल ठेवतो ना. अरे पंख्याने आपल्याला गार वाटतं कारण आपल्याला घाम येतो आणि तो उडतो, पीसीला घाम येत नाही! त्याला हवा ३८ ची तर ३८ चीच. कूलरचं वेगळं, कूलरने हवा खरोखर थंड होते, त्यामुळे पीसीला फायदा होतो, पण पीसी कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ओली हवा आणि धूळ एकत्र आली की रेडिएटरच्या पट्ट्यांमध्ये आणि हीटसिंकमध्ये जी मळी बसते ना, ती ब्लोअरनेही निघत नाही, मी टूथब्रशने काढलीय.

कूलरवरूनच लिक्विड कूलिंगबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज सांगतो. पाणी म्हटलं की थंड, हे आपल्या डोक्यात कूलरमुळे बसलंय. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि ती वाफ होताना हवेतली उष्णता खेचून घेते. एआयओमधलं पाणी बंद नळीत फिरतं, उडत नाही, उडायलाही नको. ते नुसतं हमाल आहे, प्रोसेसरपासून उष्णता उचलायची, रेडिएटरपर्यंत न्यायची, टाकायची, परत यायचं. रेडिएटर ती कुठे टाकतो? हवेतच. त्यामुळे एआयओ कितीही महाग असो, खोली ३८ ला तर पाणी ३८ च्या खाली जाणार नाही. आणि गंमत म्हणजे पीसीतल्या ज्या कूलरला आपण एअर कूलर म्हणतो त्याच्या तांब्याच्या नळ्यांमध्येही थोडंसं पाणी असतंच, खाली उकळतं, वर जाऊन गार होतं, परत खाली झिरपतं.

मग घ्यायचं काय? हे प्रोसेसरवर आहे, खिशावर नाही. गेमिंगसाठी आज लोक एएमडीच्या रायझनचे एक्सथ्रीडी प्रोसेसर घेतात. ७८००एक्सथ्रीडी आलं एप्रिल २०२३ मध्ये, कागदावर १२० वॅट, पण गेममध्ये त्याच्या बरंच खाली राहतं. त्यात जादाची कॅश मेमरी कोअरच्या, म्हणजे काम करणाऱ्या भागाच्या, डोक्यावर बसवलेली होती, गोधडी पांघरल्यासारखी, त्यामुळे वॅट कमी असूनही तापमानाचा आकडा वर दिसायचा आणि त्याची मर्यादाही ८९ डिग्रीच ठेवलेली. ९८००एक्सथ्रीडीमध्ये, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलं ते, त्यांनी गोधडी काढून गादी केली, कॅश खाली आणि कोअर वर, मर्यादा ९५. अशा प्रोसेसरला चांगला डबल टॉवर एअर कूलर पुरतो. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई घ्या, चार आकडी किमतीत येतो, उंची १५५ मिलिमीटर, नॉक्टुआचा एनएच-डी१५ घ्या तर १६५. ही उंची काहून सांगतो? कारण अरुंद कॅबिनेटमध्ये साइडची काच लागत नाही मग, आणि लोक माझ्याकडे येऊन विचारतात काच घासून देता का म्हणून. इंटेलचं १४९००के असेल, जे २५३ वॅटपर्यंत जातं, किंवा रेंडरिंगचं कामही असेल, तर हाओ, तिथे ३६० चं एआयओ घ्या, तिथे त्याचं काम आहे.

एआयओ लावताना एकच लक्षात ठेवा, त्यात थोडी हवा असतेच आणि वर्षानुवर्षं नळीतून पाणी झिरपून ती वाढत जाते, ती हवा सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. ती जागा पंप असता कामा नये. रेडिएटर वर, छताला लावलात तर प्रश्नच मिटला. पुढे लावलात तर रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच हवा, नळ्या पुरत असतील तर खालच्या बाजूला. तळाला रेडिएटर आणि पंप वर, असं कधीच नाही, गुडगुड गुडगुड आवाज येतो मग, हुक्क्यासारखा. पुढे लावला की गरम हवा कार्डवर जाते, वर लावला की कार्डची गरम हवा रेडिएटरवर येते. मी वर लावतो, कारण ४५० वॅटवाल्याला ताजी हवा आधी, ८० वॅटवाला चार डिग्री सोसेल.

कस्टम लूप, म्हणजे पंप, नळ्या, रेडिएटर वेगवेगळे घेऊन स्वतः जोडलेलं लिक्विड कूलिंग, त्याबद्दल विचाराल, तर दिसायला अप्रतिम, आणि दरवर्षी पाणी बदलायचा उत्साह असेल तर करा. मला नसतो.

माझीही एक फजिती सांगतो, नाहीतर वाटेल मला सगळंच येतं. रात्री दोन वाजता एक बिल्ड संपवला, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली उष्णता वाहणारी पेस्ट लावली, कूलर कसला, टेस्ट सुरू केली आणि पाच सेकंदांत ९५ डिग्री. परत पेस्ट, परत ९५. प्रोसेसर खराब म्हणून कंपनीला मेल लिहायला बसलो, अर्धा लिहिलाही. मग सहज कूलर उलटा करून पाहिला तर तळाला चिकटवलेलं पारदर्शक प्लास्टिक तसंच, त्यावर माझी पेस्ट छान पसरलेली, आणि प्लास्टिकवर छापलेलं होतं की हे काढा. ते प्लास्टिक अजून जपून ठेवलंय.

आता मापं. कार्ड आज एवढी लांब झालीत की आधी कार्ड ठरवा, मग कॅबिनेट. ४०९० चं खुद्द एनव्हिडियाचं कार्ड ३०४ मिलिमीटर, बाकी कंपन्यांची ३४० च्या पुढेही जातात, वजन दोन किलोच्या वर, खाली टेकू द्यावाच लागतो. बॉक्सवर लिहिलेलं असतं इतक्या लांबीचं कार्ड बसतं, पण ते पुढे काही नसताना. पुढे रेडिएटर लावलात तर त्याच्या जाडीचे २७ अधिक फॅनचे २५, म्हणजे ५२ मिलिमीटर गेले. लांबी सगळे मोजतात, रुंदी कोणी मोजत नाही! कार्डच्या वरून ती सोळा पिनवाली पॉवरची वायर निघते, ती कनेक्टरपासून साडेतीन सेंटीमीटर तरी सरळ जाऊ द्या, मगच वळवा. २०२२ च्या शेवटी ४०९० चे कनेक्टर वितळल्याचे फोटो पाहिले असतील तुम्ही, त्यात प्लग पूर्ण आत न बसणं हे मोठं कारण निघालं. काच बंद करताना ती वायरला दाबत असेल तर कॅबिनेट लहान आहे, विषय संपला.

आणि ती ॲक्वेरियमसारखी कॅबिनेटं, पुढे काच, बाजूला काच, लिआन लीच्या ओ११ डायनॅमिकने २०१८ पासून लाट आणली त्याची. मी त्यांच्या विरोधात नाही. त्यात हवा बाजूने आणि खालून येते, त्यामुळे खालचे तीन फॅन ही सजावट नाही, तीच त्याची खिडकी आहे. लोक बजेट संपलं म्हणून खालचे फॅन सोडतात, आणि त्यात भर म्हणून हवा बाहेर फेकणारे सहा एक्झॉस्ट फॅन लावतात. मग काय होतं, बाहेर जाणारी हवा जास्त, आत येणारी कमी, कॅबिनेट जिथून फट मिळेल तिथून हवा ओढतं, आणि त्या फटींना फिल्टर नसतो. धूळ. उलट करा, आत जास्त, बाहेर कमी, आणि जिथून आत येते तिथे जाळी. आपल्याकडे महिन्यातून एकदा ती जाळी नळाखाली धुवायची, पूर्ण वाळवून लावायची. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरा, नाहीतर भिरभिर फिरून बेअरिंग जातं.

कॉम्प्युटर टेबलच्या खालच्या त्या कप्प्यात, दार असलेल्या, ज्यांनी पीसी ठेवलाय त्यांनी हात वर करू नका, मला नाही पाहायचं.

काका, तुमचा प्रश्न मघाशी राहिला, एसी लावावाच लागेल का? दीड टनाचा एसी साधारण सव्वापाच किलोवॅट उष्णता बाहेर काढतो, त्यातला साधारण आठवा हिस्सा तुमच्या मुलाचा पीसी खाणार. नसेल लावायचा तर एक फुकटचा उपाय, कार्डची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. ४०९० ला ४५० ऐवजी ३६० वॅट, फ्रेम काही टक्केच कमी होतात, गेममध्ये कळतही नाही, मी स्वतः एप्रिल ते जून असाच चालवतो. मुलगा मान हलवून नाही म्हणून राहिलाय, पण घरी करून पाहा.

चला, आता हे कॅबिनेट. तीन फॅन पुढे, एक मागे, वर दोन. मी मुद्दाम एक फॅन उलटा लावून आणलाय. मोगऱ्याची उदबत्ती पेटवतो, धूर पाहून कोणता ते ओळखायचं. पुढे या सगळे. आणि तो वरचा पंखा बंद करा कोणीतरी, नाहीतर धूर कुठे चालला ते कळणारच नाही.