नाव शेवटी वाचा: जपानी तलवारीची पारख आणि निगा

मंडळी, नमस्कार.

जपानी तलवार म्हटलं की सगळ्यांची नजर धारेवर जाते. मी मात्र तलवार उपसल्यावरही जो भाग दिसत नाही, तिथून सुरुवात करतो. पात्याचा मुठीत जाणारा जो भाग असतो, त्याला नाकागो म्हणतात. मुठीतून आणि नाकागोतून आरपार बांबूची एक छोटी खुंटी घातलेली असते, ती मेकुगी. खुंटी ठोकून काढली की मूठ हातात येते आणि आतून निघतो काळपट, गंजलेला लोखंडाचा दांडा. त्यावर कानशीच्या तिरप्या रेघा, एखाद-दोन भोकं आणि नशीब असेल तर छिन्नीने कोरलेली सही.

हा गंज बघितला की आपल्या लोकांचे हात शिवशिवतात. घरात पॉलिश पेपर असतो, ब्रासो असतो, रविवारची दुपार असते. तासाभरात नाकागो चकचकीत होतो आणि तलवारीचा जन्मदाखला पुसला जातो. तो गंज मुद्दाम राखलेला असतो. कानस लावल्यापासून त्या भागाला कोणी हात लावलेला नसतो, त्यामुळे सातशे वर्षांपूर्वीच्या नाकागोचा रंग, त्याची मऊ, दाट काळी झाक आणि तीनशे वर्षांपूर्वीच्याची झाक यांत फरक दिसतो. लाल, भुसभुशीत गंज चालू असतो, खात असतो. काळा गंज बसलेला असतो. नकली सही पकडायची पहिली जागा हीच. भिंगाखाली अक्षराच्या चरीत डोकवा. जुन्या सहीत चरीच्या आतला गंज आणि बाहेरचा गंज एकाच वयाचा असतो. नंतर कोरलेल्या सहीत छिन्नीच्या कडा करकरीत राहतात, किंवा रसायन लावून आणलेला नारिंगी रंग चरीत साचलेला दिसतो.

पण सहीकडे वळायची घाई नको. जपानात पारखीची रीत ठरलेली आहे आणि तिच्यात सही शेवटी येते. संग्राहकांच्या बैठका भरतात, त्यांना कांतेईकाई म्हणतात. चार-पाच पाती मांडलेली असतात, सगळ्यांचे नाकागो झाकलेले. एकेक पातं हातात घ्यायचं, उजेडात फिरवून बघायचं आणि चिठ्ठीवर लोहाराचं नाव लिहून परीक्षकाकडे द्यायची. नाव अचूक निघालं तर शेरा मिळतो ‘आतारी’. त्याच लोहाराच्या अगदी जवळच्या माणसाचं नाव लिहिलं असेल तर ‘दोझेन’, म्हणजे बरोबरच धरलं. साफ चुकलं तर ‘इया’, परत जाऊन बघा. लिलावाच्या कॅटलॉगवर पारख शिकलेल्या प्रत्येकाला मी एकदा तरी या बैठकीत बसवीन.

बघायचं काय, तर आधी आकार. सुरुवातीच्या घोडेस्वारांच्या लांब, बाकदार तलवारीचा, म्हणजे ताचीचा, बाक मुठीजवळ असतो आणि पातं टोकाकडे निमुळतं होत जातं. ताची कमरेला धार खाली ठेवून टांगत. 1274 आणि 1281 मध्ये मंगोलांच्या स्वाऱ्या झाल्या, त्यानंतर पाती रुंद होत गेली आणि टोकं मोठी. चौदाव्या शतकात तर तीन फुटांहून लांब पाती निघाली. पुढे लढाया पायदळाच्या झाल्या, तलवार आखूड झाली आणि कमरेच्या शेल्यात धार वर करून खोचली जाऊ लागली. ती कताना. सतराव्या शतकाच्या मध्याला आलात की पातं जवळजवळ सरळ. नुसत्या बाकावरून शतक सांगणारी माणसं आहेत आणि ती फारशी चुकत नाहीत.

इथे एक गोम आहे. ती जुनी लांब पाती पुढच्या पिढ्यांनी आखूड करून घेतली. कापायची ती नाकागोच्या बाजूने, टोकाकडून कधीच नाही. त्यात सही गेली. त्यामुळे सही नसलेली तलवार हलकी समजू नका. जपानमधल्या अत्यंत मानाच्या तलवारींपैकी कितीतरी अशाच बिनसहीच्या आहेत.

आकारानंतर पोलादाची वीण. पोलाद तापवून, दुमडून, पुन्हा ठोकतात, त्याच्या थरांची पृष्ठभागावर लाकडासारखी रेषारेषांची नक्षी उमटते. आणि मग हामोन. पाणी पाजण्याआधी पात्यावर मातीचा लेप देतात, पाठीवर जाड आणि धारेवर पातळ. लाल झालेलं पातं पाण्यात गेलं की धार झटकन निवते आणि कठीण होते, पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. दोन्हींच्या सीमेवर जी पांढुरकी रेघ राहते ती हामोन. ती सरळ असेल, लाटांसारखी असेल, बिझेन प्रांतातल्या तलवारींवर लवंगेच्या कळ्यांसारखी गुच्छागुच्छाने असेल.

ही रेघ ट्यूबलाइटखाली बघू नका. खोलीत एकच साधा बल्ब ठेवा, पातं डोळ्याच्या पातळीवर आणा, टोक दिव्याकडे करा आणि अगदी थोडं थोडं फिरवा. एका कोनात रेघेच्या काठाने बारीक दाणे चमकतील. ते निए. काही पात्यांत दाणे वेगळे दिसत नाहीत, नुसतं धुकं दिसतं, ते निओइ. कोन बदलला की चमक पुढे सरकते. ॲसिडने काढलेली रेघ मात्र कुठूनही बघितली तरी तशीच, सपाट. आज ऑनलाइन ‘अँटिक’ म्हणून जी स्वस्त पाती विकतात, त्यांचं बिंग या एका बल्बखाली फुटतं.

दोष पुष्कळ असतात. बहुतेक चालवून घेता येतात, पण एक येत नाही. धारेला आडवी, केसाएवढी चीर, हागिरे. पातं कितीही देखणं असो, ही चीर दिसली की पुढची बोलणी बंद. आगीत सापडलेल्या पात्यांचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. आगीने पाणी उतरतं, हामोन नाहीशी होते. 1615 मध्ये ओसाकाचा किल्ला पडला तेव्हा तिथल्या नामांकित तलवारी जळाल्या. किल्ला जिंकणाऱ्या तोकुगावा या सत्ताधारी घराण्याने त्या राखेतून काढून यासुत्सुगु या लोहाराकडून त्यांना पुन्हा पाणी पाजून घेतलं. बाजाराच्या नियमाने अशी तलवार उतरलेली, पण त्या आजही जपून ठेवल्या आहेत. माझ्या मते योग्यच केलं.

एवढं सगळं बघून झालं की मग सही. सही तुमच्या अंदाजाशी जुळते का, एवढाच तिला प्रश्न विचारायचा. कोतेत्सु घ्या. सतराव्या शतकातला नागासोने कोतेत्सु आधी चिलखतं घडवायचा, उतारवयाकडे झुकताना तलवारीकडे वळला आणि एडो, म्हणजे आजच्या टोकियो, शहरातला सगळ्यात मागणीचा लोहार झाला. त्याच्या नकली सह्या इतक्या झाल्या, की कोतेत्सु दिसला तर आधी खोटाच समजावा असं जपानी संग्राहक म्हणतात. त्याने आपल्या नावातलं ‘वाघ’ हे अक्षर आयुष्याच्या दोन टप्प्यांत दोन वेगळ्या वळणांनी कोरलं, त्यामुळे वळण, काळ आणि हामोन तिन्ही एकमेकांना धरून आहेत का ते तपासतात. नकलाकार वळण गिरवतो, हामोन कुठून आणणार?

मासामुनेचं उलटं. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या या सागामी प्रांतातल्या लोहाराचं नाव सगळ्यात मोठं, पण त्याच्या सहीच्या खात्रीच्या वस्तू हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि त्याही कट्यारी. ठसठशीत ‘मासामुने’ कोरलेली लांब तलवार समोर आली की आनंद आवरता घ्यावा.

सुकेसादा हे नाव आणखी शिकवणारं. सोळाव्या शतकात बिझेनच्या ओसाफुने गावात या नावाने सही करणारे लोहार डझनांनी होते. गृहयुद्धाचा काळ, मागणी अफाट, घाऊक माल निघे. त्यावर सही आखूड: ‘बिशू ओसाफुने सुकेसादा’. बिशू हे बिझेनचंच आखूड रूप. पण एखाद्या सरदाराने खास घडवून घेतली असेल तर सही लांब होते, प्रांताचं पूर्ण नाव येतं आणि लोहाराचं खाजगी नावही, जसं योसोझाएमोन नो जो. दोन्ही सह्या खऱ्या, दोन्ही सुकेसादा, आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. आपल्याकडच्या फिरंगी तलवारी हाताळलेल्यांना हे नवं वाटणार नाही. युरोपीय कारागिरांच्या खुणा आणि नावं नकलून कोरलेली पाती आपल्याकडेही मराठा मुठींमध्ये बसली आहेत.

कागदपत्रांचं म्हणाल, तर पारखीचं काम पिढ्यान्‌पिढ्या होनआमी घराण्याकडे होतं. सोळाव्या शतकाच्या अखेरीचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या काळापासून त्यांची प्रमाणपत्रं चालत. आठवा तोकुगावा शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, योशिमुने याच्या हुकमावरून त्यांनी नामांकित तलवारींची यादीही केली. घराण्याच्या उत्तरार्धातली प्रमाणपत्रं मात्र तितकी भरवशाची नाहीत. आज चालतो तो निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई या 1948 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचा कागद. होझोन, तोकुबेत्सु होझोन, जूयो आणि तोकुबेत्सु जूयो अशा त्याच्या चार पायऱ्या. संस्थेचं संग्रहालय टोकियोत र्‍योगोकुला आहे, जाल तेव्हा जरूर बघा. 1982 पूर्वीचे तिचे जुने कागद, विशेषतः हिरवे, मोठ्या नावाला लागलेले असतील तर जाणकार नव्याने तपासणी मागतात.

आता निगा. खरं नुकसान दुर्लक्षाने जितकं होतं, त्याहून जास्त उत्साहाने होतं. पात्याला बोट लावायचं नाही. बोटांचा घाम काही दिवसांत ठसा उमटवतो आणि तो घासून जात नाही. पातं समोर धरून बोलायचंही नाही, तोंडातले शिंतोडे उडतात. उपसताना धार वर ठेवायची, म्हणजे पातं पाठीवरून सरकतं आणि म्यानाचं लाकूड कापलं जात नाही. जुनं तेल मऊ कागदाने पुसायचं आणि नवं चोजी तेल, म्हणजे लवंगेचं तेल घातलेलं तेल, अगदी पातळ लावायचं. जास्त तेल म्यानात उतरतं, धूळ धरतं. पांढऱ्या भुकटीच्या गोळ्याने पातं थोपटताना तुम्ही सिनेमात बघितलं असेल. ती उचिको, शिकलीच्या दगडाची भुकटी, आणि दगड तो शेवटी दगडच. वारंवार वापरली तर पात्याच्या झिलईवर बारीक चरे पडतात. आता बरेच जाणकार ती टाळतात.

म्यान म्हणून शिरासाया, होनोकी या मॅग्नोलियाच्या जातीच्या झाडाच्या लाकडाचं, बिनरंगाचं. त्याचे दोन अर्धे भाताच्या खळीने चिकटवलेले असतात. आत गंज किंवा कचरा गेला तर कारागीर म्यान उकलतो, साफ करतो आणि पुन्हा भातानेच चिकटवतो. आपल्याकडे कोणी फेव्हिकॉल लावला, की तो रस्ता बंद. चामड्याच्या म्यानात पातं ठेवू नका. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात दर महिन्याला तरी बघा.

शिकलीबद्दल एवढंच सांगतो. जपानी शिकलगार वर्षानुवर्षं उमेदवारी करतो, आणि एक लांब पातं दगडामागून दगड बदलत आठवडेच्या आठवडे घासतो. प्रत्येक शिकलीत पोलाद जातं. वारंवार शिकल होऊन वरची कातडी झिजून आतलं मऊ लोखंड उघडं पडलेली पाती असतात, त्यांना इलाज नाही. गावच्या धारवाल्याच्या चाकावर तर एका दुपारीत सगळं आटोपतं.

इथे बसलेल्यांपैकी कोणाच्या घरी पणजोबांनी ब्रह्मदेशातून आणलेली तलवार असेल. आश्चर्य नाही. मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन मार्च 1944 मध्ये ब्रह्मदेशाच्या सीमेजवळ, मणिपुरातल्या सांगशाकला जपान्यांशी लढली. 1945 मध्ये जपानच्या शरणागतीच्या वेळी ब्रह्मदेशातल्या ब्रिटिश सैन्याचा सेनापती जनरल स्लिम याने हट्ट धरला, की जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या सैनिकांसमोर तलवारी खाली ठेवायच्या. ब्रह्मदेशातल्या जपानी सैन्याचा सेनापती जनरल किमुरा, खुद्द त्याची तलवार स्लिमकडे गेली. पुढे मराठ्यांची पहिली बटालियन पुढे लष्करप्रमुख झालेल्या थिमय्यांच्या ब्रिगेडबरोबर खुद्द जपानात होती आणि ती ब्रिगेड ज्या डिव्हिजनमध्ये होती, तिचं मुख्यालय ओकायामात होतं. ओकायामा म्हणजे जुना बिझेन. ओसाफुने तिथलंच.

त्याच सुमारास, अमेरिकन ताब्यातल्या जपानभर तलवारी जप्त होत होत्या. डिसेंबर 1945 मध्ये तोकुगावा घराण्याच्या वारसाने टोकियोतल्या मेजिरो पोलीस ठाण्यात तलवारी जमा केल्या, त्यात मासामुनेची होन्जो मासामुने ही नामांकित तलवार होती. जानेवारीत ती कोणा अमेरिकन सार्जंटने नेली आणि ती आजतागायत सापडलेली नाही. होन्मा जुन्जी यांच्यासारख्या अभ्यासकांनी कॅडवेल नावाच्या अमेरिकन कर्नलला पाती दाखवून समजावलं, तेव्हा कुठे शस्त्र आणि कलावस्तू असा भेद केला गेला आणि बाकीच्या बचावल्या. एक गोष्ट उलटीही घडली. वॉल्टर कॉम्प्टन या अमेरिकन संग्राहकाला अटलांटातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात कुनिमुने या जुन्या लोहाराचं पातं मिळालं. ते कागोशिमाच्या तेरुकुनी देवळातलं निघालं, आणि 1963 मध्ये त्याने ते एक पैसा न घेता परत केलं.

घरातल्या तलवारीकडे परत येऊ. मुठीला खुंटीऐवजी स्क्रू असेल, पात्यावर अनुक्रमांक असेल, मूठ ॲल्युमिनियमची ओतीव असेल तर ती 1935 च्या नमुन्याची कारखान्यातली तलवार. नाकागोवर छोटा शिक्का असेल तर तीही बहुधा युद्धकाळातली. पण लष्करी मुठीत चारशे वर्षांचं घराण्यातलं पातंही निघतं, अधिकारी घरची तलवार बसवून घेत. मूठ काढल्याशिवाय कळणार नाही.

आणि पातं शंभर वर्षांहून जुनं निघालं, तर आपला 1972 चा पुरावस्तू कायदा लागू होतो. वस्तू कुठल्या देशात घडली याची त्यात अट नाही. म्हणजे कागद मिळवायला ती सहज टोकियोला पाठवता येणार नाही. शस्त्र कायद्याचंही बघावं लागतं, ते आपापल्या पोलीस ठाण्यात विचारा. मग हातात उरतं ते नोंद करणं. नाकागोवर पातळ कागद ठेवून मेणाच्या शाईने ठसा घ्यायचा, ओशिगाता म्हणतात तो. सही, कानशीच्या रेघा, भोकं, सगळं आपल्या मापात उतरतं. त्याच कागदावर हामोन पेन्सिलीने काढायची. सोबत तिरप्या उजेडातले फोटो, पट्टी ठेवून. एवढं पाठवलं की बाहेरचा जाणकार अंदाज सांगू शकतो. येताना कोणी मूठ काढून आणली असेल तर इथे बल्ब लावलेला आहे, बघूया.