पुढे ठेवलेला पाय

मंडळी, आणि समोर मांडी घालून बसलेल्या पोरांनो,

मघाशी चहाच्या वेळी एका पोरानं मला विचारलं, "वस्ताद, कुस्तीत समोरचा कुठला डाव टाकणार हे आधी कसं ओळखायचं?" मी म्हणालो, ओळखत बसायचं नाही. पोरगं हिरमुसलं. मी टाळतोय असं त्याला वाटलं असणार. म्हणून आज तेवढंच सांगतो.

साधा हिशेब बघा. डोळ्याला काही दिसलं आणि त्यावर हात हलला, यात सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी जातो. तोसुद्धा काय येणार आणि काय करायचं हे पक्कं असेल तर. एक पाय धरणारा एकेरी पट येईल, दोन्ही पाय धरणारा दुहेरी येईल, ढाक येईल, कलाजंग येईल का टांग, असे पाच डावांचे सवाल डोक्यात घोळत असतील तर हात आणखी उशिरा हलतो. विल्यम हिक नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९५२ साली हे मोजून दाखवलं. दिवा लागला की त्याची कळ दाबायची. दिव्यांची संख्या वाढवत नेली तसा बोटाला उशीर होत गेला. आमचे वस्ताद काही त्याच्या प्रयोगशाळेत गेले नव्हते, पण ते म्हणायचे, "पन्नास डाव शिक, आखाड्याच्या हौद्यात उतरताना तीनच घेऊन उतर." गोष्ट तीच.

त्याच १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी ५७ किलो गटात कांस्यपदक आणलं. खाशाबांचा हातखंडा डाव ढाक. समोरच्याची मान बगलेत धरायची, कंबर आत घालायची आणि उचलून टाकायचा. आता ठेंगण्या माणसाला यात काय सोपं जातं? त्याची कंबर मुळातच समोरच्याच्या कमरेखाली असते, त्यामुळं आत शिरायला फार वाकावं लागत नाही. म्हणजे जी उंची लोकांना उणी वाटते, तीच त्या डावाला लागते. चार वर्षं आधी, १९४८ ला लंडनला ते ५२ किलोत सहावे आले, तेही मातीतून थेट मॅटवर जाऊन. अंगात घोटलेली गोष्ट जमीन बदलली तरी उपयोगी पडते. नवी जमीन समजून घ्यायला मात्र वेळ द्यावा लागतो.

माझं उलट होतं. मी उंच, काटकुळा, हात गुडघ्यापर्यंत. आणि वेड कशाचं, तर एकेरी पटाचं! कारण तालमीतला सगळ्यात देखणा पैलवान पट काढायचा. मी वाकून त्याच्या पायात शिरेपर्यंत समोरचा माझ्या मानेवर बसलेला असायचा. वर्षभर ही फजिती बघून वस्तादांनी पट बंद केला. म्हणाले, "तू काढू नको. त्याला काढू दे."

त्यांनी मला डावा पाय वीतभर पुढं ठेवायला लावला. मोकळा, जणू उचलून न्या म्हणून ठेवलेला. समोरचा पैलवान खडाखडीत, म्हणजे उभ्यानं एकमेकांचा अंदाज घेताना, तो पाय बघायचा, आणि दहातले सात जण तिथंच झेपावायचे. मला तेवढंच हवं असायचं. पाय मागं फेकायचे, कंबर खाली दाबायची, छातीचा भार त्याच्या मानेवर टाकायचा, लांब हात बगलेतून घालून फिरायचं आणि पाठीवर कब्जा. मग घिस्सा डाव टाकून चीत. लोक म्हणायचे, याला डाव आधी कळतो. कळत कसला होता! सगळी दारं लावून एकच उघडं ठेवलं होतं, आणि त्या दारामागं मी उभा होतो.

पोरांनो, स्वतःची कुस्ती म्हणतात ती अशी बनते. तुमच्या अंगाला जमणारे दोन-तीन डाव, आणि समोरच्याला त्यांच्याकडंच आणणारा तुमचा पवित्रा. व्हिडिओत बघून परदेशी पैलवानाचा डाव उचलता, तेव्हा तो डाव येतो. त्याच्या आधीचा पवित्रा येत नाही, म्हणून फसतो.

आता दुसरी बाजू सांगतो, नाहीतर मी फुशारकी मारून गेलो म्हणाल. एका जत्रेच्या मैदानात माझी जोड लागली. समोरचा माझ्यापेक्षा हलका, हसतमुख. सलामी झाली, मी पाय पुढं ठेवला, तो झेपावला, मी पाय मागं फेकले. आणि तो तिथं नव्हताच! झेप खोटी होती. माझे दोन्ही पाय मागं, भार पुढं, हात हवेत. त्यानं दंडाला हिसका दिला, पाठीमागं गेला आणि काही समजायच्या आत मी आभाळ बघत होतो. नंतर कळलं, आधीच्या दोन मैदानांत तो माझी कुस्ती बघायला येऊन बसला होता. कोल्हापूरचं खासबाग मैदान ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, शाहू महाराजांनी १९१२ साली असं बांधलं की चहूबाजूंनी हौदा दिसावा. तुम्ही लढता तेव्हा तुमचा पुढचा प्रतिस्पर्धी कुठंतरी वर बसून बघत असतो. आता तर त्याच्या खिशात मोबाइल आहे.

त्यानंतर मी पाय पुढं ठेवायचं सोडलं नाही. तोच पाय पुढं ठेवून आतील टांग मारायला शिकलो. झेप खरी असेल तर कब्जा, खोटी असेल आणि तो उभाच राहिला तर टांग. दोनच दिवे.

खरी-खोटी झेप कशी कळते? डोळ्यांत बघू नका, डोळे खोटं बोलतात. हातही खोटं बोलतात. छातीच्या खालचा भाग बघा. पट खरा असेल तर कंबर खाली उतरते, भार पुढच्या चवड्यावर जातो. खोट्या झेपेत डोकं आणि खांदे येतात, कंबर मागंच राहते. आणि एकदा मानेवर हात पडला की बघणंही सोडा. स्पर्शाला हात लवकर उत्तर देतो. समोरच्याची मान ताठ झाली, मनगटावरची पकड अचानक ढिली पडली, श्वास कोंडला, हे सगळं तळहाताला कळतं. पकड ढिली होते ती बहुधा दमल्यामुळं नाही. तो हात त्याला दुसरीकडं हवा असतो.

एक इशारा. माझी कुस्ती मातीतली, चीतपटीवर निकाल, वाट बघायला मुभा. गादीवर, म्हणजे मॅटवर, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. नुसतं दार उघडं ठेवून उभे राहिलात तर पंच निष्क्रिय ठरवतो, मग तीस सेकंदांत गुण काढा, नाहीतर समोरच्याला एक गुण. महाराष्ट्र केसरीला शेवटी माती आणि गादीचे विजेते समोरासमोर येतात, तिथं हा फरक उघडा पडतो. त्यामुळं गादीवाल्यांनी उभं राहून पाय दाखवू नये, पुढं सरकत दाखवावा. ढकलणारा माणूस निष्क्रिय दिसत नाही, आणि ढकलला जाणारा हमखास काहीतरी करतो.

संध्याकाळी पाच वाजता हौद्यात या. डोळ्यांवर टॉवेल बांधून नुसती खडाखडी करायची आहे, डाव कुणी टाकायचा नाही. समोरचा कुठल्या पायावर उभा आहे एवढंच तोंडानं सांगायचं. पहिले चार दिवस सगळे चुकतात. मीही चुकलो होतो. आणि नखं कापून या.