गावाचा कल: एका बूथचा आकडा कसा वाचायचा

[दृश्य: सकाळ. गावातला पार. मोबाइलच्या पडद्यावर झुकलेली चार माणसं.]

निकालानंतर सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही पारावर एकच प्रश्न असतो: आपल्या बूथला लीड कुणाला? उत्तर नमुना 20 मध्ये मिळतं. प्रत्येक मतदान केंद्रावर कुठल्या उमेदवाराला किती मतं पडली, याचा हा अंतिम तक्ता. लोकसभेचा तक्ताही विधानसभा मतदारसंघानुसार निघतो, म्हणून दोन्ही निवडणुका शेजारी ठेवून बघता येतात.

पहिली ठेच इथेच लागते. तक्त्यात केंद्राचा क्रमांक असतो, गावाचं नाव बहुधा नसतं. नावासाठी मतदान केंद्रांची यादी उघडायची, आणि तीही त्याच निवडणुकीची. मध्ये एखाद-दुसरं केंद्र वाढलं की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. लोकसभेला 112 असलेलं केंद्र विधानसभेला 114 झालेलं असू शकतं, आणि मग शेजारच्या गावाची मतं आपली समजून वाद सुरू होतो. वाड्या-वस्त्या कुठल्या केंद्राला जोडल्यात, हेही तपासायचं. 85 वर्षांपुढच्या मतदारांनी घरून दिलेलं मत आणि सैनिकांचं टपाली मत गावाच्या आकड्यात दिसत नाही. ते वेगळं मोजलं जातं.

[दृश्य: पाटीवर खडूने लिहिलेले आकडे.]

समजा, केंद्रावर 1,000 मतदार आहेत. लोकसभेला 600 जणांनी मतदान केलं, विधानसभेला 720. एका पक्षाची मतं 330 वरून 340 झाली. कार्यकर्ते म्हणतात, वाढली. पण वाटा 55 टक्क्यांवरून 47 टक्क्यांवर आला. म्हणून नुसती मतं बघू नका, झालेल्या मतदानाशी ताडून बघा. मग विचारा, जादा 120 माणसं कोण? 2024 मध्ये सोलापूर आणि माढा लोकसभेचं मतदान 7 मे रोजी झालं, रणरणत्या उन्हात. विधानसभेचं 20 नोव्हेंबरला, ऊसतोडीच्या दिवसांत. पुण्याहून गाडी करून कोण आलं, तोडीला कोण गेलं, हे पोलिंग एजंटाच्या, म्हणजे केंद्रावर बसणाऱ्या उमेदवाराच्या माणसाच्या, यादीवरच्या पेन्सिलीच्या खुणा सांगतात. दोन आकड्यांमागची माणसं एकच नसतात.

[दृश्य: मारकडवाडीकडे जाणारा रस्ता.]

माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत हाच प्रश्न देशभर गाजला. विधानसभेला उत्तमराव जानकर मतदारसंघातून निवडून आले, पण या गावात त्यांना 843 आणि प्रतिस्पर्धी राम सातपुते यांना 1,003 मतं दिसली. जानकर समर्थकांना आकडा पटला नाही. त्यांनी 3 डिसेंबर 2024 रोजी मतपत्रिकेवर चाचणी मतदान घ्यायचं ठरवलं. कायद्यात तशी तरतूद नाही म्हणून प्रशासनाने जमावबंदी लावली आणि मतदान झालं नाही. शंका घेण्याचा हक्क मतदाराचा आहेच. पण निकाल लागल्यावर, कुणाचं मत कुठे गेलं याची गावात चर्चा झाल्यावर घेतलेलं मतदान पहिल्यासारखं राहत नाही. त्याआधी हातात धरायचा कागद म्हणजे नमुना 17 सी. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष त्याची प्रत एजंटांना देतात. यंत्रात नोंदलेली एकूण मतं त्यावर असतात. मोजणीच्या टेबलावर तोच आकडा जुळला पाहिजे. ही प्रत घरी हरवते, आणि मग तक्रारीला आधार उरत नाही.

ग्रामपंचायतीचा आकडा तर या तक्त्याशेजारी ठेवूच नये. तिथे पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनेल असतं. लोकसंख्येनुसार 7 ते 17 सदस्य. एका प्रभागात दोन-तीन जागा, वर थेट सरपंच. म्हणजे मतदाराला तीन-चार बटणं दाबायची. सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचं, असं त्यातूनच होतं. तिथे भावकी चालते, पाणंद रस्ता चालतो, नळाचं पाणी चालतं. आणि ऊस. तोडीची चिठ्ठी लांबली की उसाचं वजन घटतं, म्हणून आपला ऊस कुठला कारखाना नेतो, यावर घराचा गट ठरतो. गट पक्ष बदलतो, तेव्हा गावाची मतंही त्याच्यामागे सरकतात. त्याला विचार बदलला म्हणणं घाईचं ठरेल.

सांगोल्यात मात्र वेगळा धडा आहे. गणपतराव देशमुख तिथून 11 वेळा आमदार झाले, शेतकरी कामगार पक्षाकडून. तिथे कल पक्षाशीही बांधला गेला होता. तरी 2019 ला त्याच मतदारसंघाचा निकाल 768 मतांनी फिरला. एवढी मतं दोन-चार वस्त्यांतही असतात.

[दृश्य: संध्याकाळ. शाळेची खोली, मोकळे बाक.]

म्हणूनच छोट्या केंद्राची काळजी वाटते. दीडशे मतदान झालेल्या वस्तीवर एखाद्याला चारच मतं पडली, तर ती चार घरं शोधली जातात. पाण्याचा टँकर, घरकुलाची यादी, सगळं त्या शोधाला लागून येतं. कागदी मतपत्रिकेच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजता येत होत्या. यंत्रांसाठी तसाच उपाय म्हणजे टोटलायझर: 14 यंत्रांची मतं जोडून एकच बेरीज दाखवणारं उपकरण. निवडणूक आयोगाने ते 2008 मध्ये सुचवलं. कायदा आयोगाने 2015 मध्ये त्याला पाठिंबा दिला. मोजणी आजही यंत्रागणिकच होते, आणि वस्तीचा आकडा संध्याकाळपर्यंत पारावर पोचतो.